सीडीचा कप्पा अडला तर

जाते अडले, तर घरची बाई काय करते? ती जात्यावर हातोडा घालत नाही. आधी हात थांबवते. खुंटा सैल झाला का, ते पाहते. मग वरचा दगड उचलते. आत खडा अडकला असेल, तर काढून टाकते. दाणा नीट भरडत नसेल, तर टाकी लावून घेते. टाकी लावायची झाली म्हणून कोणी जाते उकिरड्यावर टाकत नाही.

आधी सोपे, मग अवघड. आधी बाहेरचे, मग आतले. दुरुस्तीची ही रीत आपल्याला ठाऊक आहे. ती आपल्याला कोणी शाळेत शिकवली नाही. घरात आणि शेतात आपण ती शिकलो. आजच्या पाठात हीच रीत आपण जुन्या कॉम्प्युटरला लावणार आहोत.

गावात असे जुने कॉम्प्युटर तुम्ही पाहिले असतील. शाळेत असतात, वाचनालयात असतात, दूध सोसायटीत असतात. टेबलावर पडदा असतो. शेजारी किंवा खाली एक उभी पेटी असते. पेटीच्या तोंडाशी एक आडवे झाकण दिसते. त्याच्याजवळचे बटण दाबले, की आतून कप्पा बाहेर येतो. त्या कप्प्यात सीडी ठेवायची. पुन्हा बटण दाबले, की कप्पा आत जातो. मग सीडीवरचे गाणे ऐकू येते, चित्र दिसते, नाहीतर मजकूर वाचता येतो.

या यंत्राला ड्राइव्ह म्हणतात. त्यात हलणारे, फिरणारे भाग पुष्कळ. म्हणून वय झाले, की ते कुरकुर करू लागते.

सीडी म्हणजे काय?

सीडी १९८२ साली जपानात पहिल्यांदा विक्रीला आली. डीव्हीडी १९९६ साली आली. दोन्ही दिसायला सारख्याच. रुंदी १२ सेंटिमीटर. जाडी १.२ मिलिमीटर. पण डीव्हीडीवरच्या खुणा अधिक बारीक असतात. म्हणून एका डीव्हीडीवर सहा-सात सीडींचा मजकूर मावतो.

सीडीवर डोळ्यांना दिसणार नाही अशी एक बारीक रेघ असते. ती गोल गोल फिरत मधून कडेकडे जाते. ही रेघ उलगडून सरळ केली, तर ती पाच किलोमीटरहून लांब भरेल! जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर रेघ कडेपासून आत जायची. सीडीवर उलटे आहे. ती मधून बाहेर वाचली जाते. म्हणून पहिले गाणे मध्यापाशी असते. सीडी भरलेली असेल, तर शेवटचे गाणे कडेजवळ असते. आपण सीडी धरतो ती कडेलाच. बोटांचे डाग तिथेच पडतात. सीडीवरची शेवटची गाणी आधी अडखळतात, त्याचे हे एक कारण.

त्या रेघेत बारीक खुणा असतात. ड्राइव्ह त्या खुणांवर प्रकाशाचा एक लहानसा किरण टाकतो. किरण परत उलटतो. कुठे जास्त उलटतो, कुठे कमी. त्यावरून यंत्र खुणा वाचते. आपण डोळ्यांनी अक्षर वाचतो, तसेच ते. सीडीला काही घासत नाही, काही टोचत नाही.

आता चरे पडण्याची गोष्ट. तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. तुम्हाला हे लगेच समजेल. पुस्तकाच्या पानावर वरून खाली उभी शाईची रेघ ओढली, तर प्रत्येक ओळीतले एखादे अक्षर झाकते. पण शब्द अंदाजाने लागतो. तीच रेघ ओळीवरून आडवी ओढली, तर? सगळी ओळ गेली. अंदाज तरी कशावरून करणार? सीडीचे असेच आहे. थोड्या खुणा पुसल्या, तर यंत्र हिशेबाने त्या भरून काढते. पण रेघेच्या बाजूने लांब चरा पडला, तर यंत्राचा हिशेब चुकतो. म्हणून सीडी गोल गोल कधी पुसू नये. मधून कडेकडे सरळ पुसावी.

आणखी एक गोष्ट. सीडीची चकचकीत बाजू आपण जपतो आणि नाव लिहायची बाजू कशीही टेकवतो. वास्तविक सीडीचा मजकूर नावाच्या बाजूलाच, अगदी पातळ थराखाली असतो. त्या बाजूला खोल चरा पडला, तर मजकूरच खरवडून जातो. म्हणून दोन्ही बाजू जपाव्या. सीडीवर बॉलपेनने दाबून लिहू नये.

ड्राइव्हची चार कामे

ड्राइव्ह चार कामे करतो.

पहिले काम, कप्पा आतबाहेर नेणे. त्यासाठी आत एक छोटी मोटर, दातेरी चाके आणि बहुधा रबराचा एक बारीक पट्टा असतो. पिठाच्या गिरणीला पट्टा असतो ना, तसाच. पण हा बोटात घालायच्या अंगठीसारखा लहान.

दुसरे काम, सीडी फिरवणे. ती एका मिनिटात हजारो वेळा फिरू शकते. म्हणून तडा गेलेली सीडी ड्राइव्हमध्ये कधीही घालू नये. फिरता फिरता तिचे तुकडे उडतात.

तिसरे काम, वाचणे. आत मसुरीच्या दाण्याएवढे भिंग असते. त्यातून किरण जातो. भिंगावर धूळ बसली, की यंत्राला नीट दिसत नाही. आपल्या चष्म्याचे होते तसेच.

चौथे काम, वाचलेले पेटीत पोचवणे. त्यासाठी मागे दोन तारा असतात. एक विजेची, दुसरी निरोपाची.

ड्राइव्ह बिघडला, असे मोघम म्हणू नये. चारांपैकी कोणते काम बंद पडले, ते ओळखावे. बैल चालेना, तर आपण "बैल बिघडला" म्हणतो का? खूर पाहतो, खांदा पाहतो, पोट पाहतो. तसेच इथे.

एका गावची गोष्ट

एका गावच्या वाचनालयात असा एक कॉम्प्युटर होता. वाचनालय सांभाळणाऱ्यांना सगळे गाव तात्या म्हणे. २००७ साली गावातल्या सहा म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या कोणीतरी यंत्रावर उतरून घेतल्या होत्या. त्यांची एक सीडी होती. तीवर चौदा गाणी होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या सहाजणींपैकी आता एकही उरलेली नव्हती.

त्यातल्या एका आजीच्या नातीचे लग्न ठरले. हळदीचा दिवस चार दिवसांवर आला. मुलीची आई वाचनालयात आली. ती साक्षरता वर्गात जाऊन नुकतीच लिहायला शिकली होती. पिशवीत वही असे.

ती म्हणाली, "तात्या, हळद दळताना सासूबाईंचा आवाज ऐकू यावा, अशी पोरीची हौस आहे. तेवढी सीडी लावून बघा ना."

तात्यांनी सीडी कप्प्यात ठेवली. कप्पा आत गेला. आतून घर्र असा आवाज आला. पडद्यावर काहीच दिसेना. तात्यांनी बटण दाबले. पुन्हा घर्र. कप्पा उघडेना. सीडी आतच राहिली.

तिथे बसलेला एक तरणा मुलगा उठला. "तात्या, स्क्रू ड्रायव्हर आणा. फटीत घालतो अन् उचकटतो."

तात्या म्हणाले, "थांब लेका. कप्पा मोडला तर दुसरा मिळेल. पण आत सीडी आहे. तिच्यावर चरा पडला, तर त्या आज्या परत गायला येणार आहेत का?"

मुलगा खाली बसला.

तात्यांनी तालुक्याच्या एका दुकानात फोन लावला. दुकानदाराने न बघताच सांगितले, "जुना झाला तो. भंगारात घाला. नवा घेऊन जा." तात्यांनी विचारले, "आणि आतली सीडी?" दुकानदार म्हणाला, "तिचं आम्ही काय करणार?"

मंडळी, इथे थांबा. नीट विचार करा. अडले होते काय? एक लहानसा कप्पा. बदलायला सांगितले काय? सगळा कॉम्प्युटर. आणि जे खरे मोलाचे, ती सीडी, तिचा विचार कोणी केला नाही.

यंत्राचा भाग पैसे टाकले की मिळतो. त्याने सांभाळलेली वस्तू बाजारात मिळत नाही. म्हणून आधी सीडी वाचवायची. यंत्राचे मागून पाहायचे.

अडकलेली सीडी कशी काढावी?

गावात एमएस-सीआयटीचा अभ्यास केलेली एक मुलगी होती. तात्यांनी तिला बोलावले. ती आली आणि त्या बाईला म्हणाली, "काकू, तुमच्याकडे वही आहे ना? मी जे जे करीन ते लिहा. एक झालं, की त्याच्यापुढे काय घडलं ते लिहा."

काकूंनी वही उघडली.

पहिल्यांदा मुलीने पडद्यावर पाहिले. कधी कधी कॉम्प्युटर सीडी वाचण्यात गुंतलेला असतो. तोवर तो कप्पा सोडत नाही. म्हणून तिने चालू असलेली सगळी कामे बंद केली आणि थोडा वेळ थांबली. मग ड्राइव्हच्या चित्रावर जाऊन तिने पडद्यावरूनच कप्पा उघडायचा हुकूम दिला. त्या हुकमाला इजेक्ट म्हणतात. काकूंनी लिहिले, "पडद्यावरून उघडले नाही. घर्र आवाज."

दुसऱ्यांदा तिने कॉम्प्युटर रीतसर बंद केला. पुन्हा चालू केला. चालू होताच बटण दाबले. काकूंनी लिहिले, "बंद करून लावले. उघडले नाही. घर्र आवाज."

मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही दोन्हीकडे घर्र लिहिलंत. म्हणजे मोटर फिरतेय. वीज पोचतेय. पण कप्पा हलत नाही. गिरणीची मोटर फिरते आणि जातं फिरत नाही, तेव्हा काय झालेलं असतं?"

काकू म्हणाल्या, "पट्टा घसरलेला असतो."

"तेच झालं असणार. रबर जुनं झालं, सैल पडलं."

मग तिने तिसरा उपाय केला. तो नीट ध्यानात घ्या. कॉम्प्युटर बंद केला. भिंतीतला प्लगही काढला. सीडी फिरत असताना हा उपाय करायचा नसतो. ड्राइव्हच्या तोंडावर टाचणीच्या डोक्याएवढे एक भोक असते. पुष्कळांना ते दिसतच नाही. ते अडीअडचणीसाठीच ठेवलेले असते. कागद जोडायची तारेची यू-पिन घ्यायची. तिचे एक टोक सरळ करायचे. ते भोकात अगदी सरळ घालायचे. तिरके नको. हळू दाबायचे. आत काहीतरी टेकल्यासारखे लागते. तिथे जरा जोर द्यायचा. कप्पा बोटभर बाहेर येतो. मग तो हाताने हलके ओढायचा. सुई, खिळा, दाभण यांतले काही घालायचे नाही.

कप्पा बाहेर आला. सीडी जशीच्या तशी होती. मुलीने मधल्या भोकात बोट घालून आणि कडेला धरून ती उचलली. काकूंनी वहीत लिहिले, "सीडी निघाली." अक्षर जरा मोठे आले.

दोष कोणाचा, सीडीचा की ड्राइव्हचा?

आता ती सीडी वाचली जाते का, ते पाहायचे होते. कप्पा बटणाने उघडत नव्हता, पण हाताने लोटून बंद करता येत होता. मुलीने लगेच ओव्यांची सीडी पुन्हा घातली नाही. तिने आधी सिनेमाची एक जुनी सीडी घातली. खराब झाली तरी हळहळ नाही, अशी. ती वाचली गेली. मग तारेने कप्पा उघडून तिने ओव्यांची सीडी लावली. दहा गाणी लागली. अकराव्याला आवाज तुटू लागला.

तरणा मुलगा म्हणाला, "गेली सीडी."

मुलगी म्हणाली, "असं लगेच म्हणू नये."

हा नियम तुम्हीही लक्षात ठेवा. दोन वस्तूंपैकी कोणती बिघडली ते कळत नसेल, तर एकेक बदलून पाहावी. कंदील लागत नसेल, तर आपण आधी वात बदलतो, मग रॉकेल पाहतो. दोन्ही एकदम बदलले, तर दोष कुठे होता ते कळतच नाही.

याच ड्राइव्हमध्ये दुसऱ्या सीडी चालतात आणि एकच चालत नाही, तर संशय सीडीवर घ्यावा. एकही सीडी चालत नाही, तर संशय ड्राइव्हवर घ्यावा. सीडी चालतात पण डीव्हीडी चालत नाहीत, किंवा उलट झाले, तरी दोष ड्राइव्हचा असू शकतो. सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी आत वेगवेगळे किरण असतात. त्यांतला एक थकला, तरी दुसरा काम करीत राहतो.

मुलीने सीडी पुसली. धुतलेले मऊ सुती फडके घेतले. त्यावर स्वच्छ पाण्याचे दोन थेंब घेतले. मधून कडेकडे सरळ पुसले. कोरड्या फडक्याने पाणी टिपले. रॉकेल, पेट्रोल, थिनर, राख यांतले काहीही सीडीला लावू नये. टूथपेस्ट चोळावी असे काही लोक सांगतात. एकच प्रत असेल, तर असले प्रयोग मुळीच करू नयेत.

पुसल्यावर बारा गाणी लागली. शेवटची दोन लागेनात. आजीचे गाणे तेरावे होते.

मग ती सगळी मंडळी सीडी घेऊन शाळेत गेली. शाळेत दुसरा कॉम्प्युटर होता. त्याचा ड्राइव्ह कमी वापरलेला होता. त्यात सीडी घातली. जरा वेळ गेला. चौदाही गाणी लागली!

याचा अर्थ काय? सीडी थोडी खराब झाली होती आणि ड्राइव्हची नजर थोडी मंद झाली होती. दोन्ही उणी एकत्र आली, तेव्हा गाणे अडले. चांगल्या नजरेला तेच अक्षर वाचता आले. म्हणून एका यंत्रात सीडी चालली नाही, तरी ती टाकून देऊ नये. दुसऱ्या, तिसऱ्या यंत्रात लावून पाहावी.

नक्कल कशी उतरावी?

सीडी वाचली जाते असे दिसले, की त्याच घटकेला नक्कल उतरून घ्यावी. उद्यावर टाकू नये.

इथे एक फसगत होते. गाण्यांच्या काही सीडी अशा असतात, की त्यांवरची गाणी उचलून पेटीत ठेवली, तरी नुसती नावे येतात. गाणे येत नाही. डबीवरची चिठ्ठी आणली आणि डबी तिथेच राहिली, असे होते. मुलीने पहिल्यांदा गाणी उचलली, तेव्हा क्षणात काम झाले. तिला शंका आली. "इतक्या लवकर कसं झालं?" तिने सीडी बाहेर काढली आणि पेटीतले गाणे लावले. आवाज नाही.

मग तिने गाणी लावायच्या प्रोग्राममधून ती रीतसर उतरवली. याला रिप करणे म्हणतात. त्याला बराच वेळ लागला. झाल्यावर तिने पुन्हा सीडी बाहेर काढली आणि नक्कल लावली. खोलीत जात्याची घरघर ऐकू आली. मागोमाग आजीचा आवाज आला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. वहीत लिहायचे त्या विसरल्या.

सीडी बाहेर काढून नक्कल ऐकणे, हीच नकलेची खरी परीक्षा. ती पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकावी.

नक्कल एकाच जागी ठेवू नये. पेन ड्राइव्ह हरवतो, बिघडतो. कॉम्प्युटरही बिघडतो. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. दुसरी दुसऱ्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवावी. आपण बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. तसेच हे.

हळदीच्या दिवशी बायका जात्यावर बसल्या. पेन ड्राइव्हवरचे तेरावे गाणे लागले. दळणाऱ्या बायकांनी मागून सूर धरला. लहान मुली ऐकत बसल्या. त्यांनी त्या आजीला कधी पाहिलेही नव्हते.

आता ड्राइव्हकडे वळू

लग्न पार पडले. मग तात्यांनी ड्राइव्हचे काम हाती घेतले.

पेटी उघडण्याआधी हे करावे. प्लग भिंतीतून काढावा. पेटीच्या आतल्या लोखंडी सांगाड्याला हात लावावा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर थोडी वीज साठते. ती नाजूक भागांना मारक असते. लोखंडाला हात लावला, की ती निघून जाते. पेटीत विजेच्या तारा जिथून येतात, तो एक बंद लोखंडी डबा असतो. तो डबा आपण कधीही उघडू नये. प्लग काढला, तरी त्यात काही वेळ वीज राहते.

ड्राइव्ह उघडून चालू करू नये. त्यात डोकावू तर मुळीच नये. सीडी वाचणारा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पेटी उघडली, की आधी तारा पाहाव्या. उंदराने कुरतडली आहे का? धुळीने खाच भरली आहे का? तार सैल झाली आहे का? काढायची असेल, तर आधी कोणती तार कुठे होती ते वहीत लिहावे किंवा मोबाइलने फोटो काढावा. तार काढून पुन्हा घट्ट बसवावी. बरेचदा तेवढ्यानेच पडद्यावर नाहीसा झालेला ड्राइव्ह परत दिसू लागतो.

तात्यांच्या ड्राइव्हचा पट्टाच सैल झाला होता आणि भिंगाची नजरही मंद होती. तो बदलायचे ठरले. काकूंनी वहीत लिहून दिले, "निरोपाची तार रुंद, सपाट. चार बोटं."

हे का लिहिले? ड्राइव्हच्या तारा दोन जातींच्या असतात. जुन्या कॉम्प्युटरमध्ये रुंद, सपाट पट्टीसारखी तार असते. तिला आयडीई म्हणतात. त्यानंतरच्या कॉम्प्युटरमध्ये बोटभर अरुंद तार असते. तिला साटा म्हणतात. एका जातीचा ड्राइव्ह दुसरीच्या तारेला सरळ बसत नाही.

दुकानदाराने अरुंद तारेचा ड्राइव्ह पुढे केला. काकू तात्यांबरोबर गेल्या होत्या. त्यांनी वही काढली. "दादा, आमची तार रुंद आहे. हा बसेल का?" दुकानदाराने वहीकडे पाहिले. ड्राइव्ह परत ठेवला. मग त्याने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दाखवला. तो पेटी न उघडता यूएसबीच्या खाचेत लावता येतो. आज या कॉम्प्युटरला, उद्या दुसऱ्याला. तात्यांनी तोच घेतला. दुकानातच आपली सीडी लावून पाहिली आणि पावती घेतली. नव्या कॉम्प्युटरच्या किमतीपुढे त्याला फारच थोडे पैसे पडले.

काकूंनी कॉम्प्युटरचे शास्त्र शिकले नव्हते. त्यांनी पाहिले ते लिहिले आणि लिहिले ते वाचून दाखवले. एवढ्यानेच फुकटचा खर्च टळला.

उशीर का करू नये?

आजकालच्या पुष्कळ नव्या कॉम्प्युटरला सीडीचा कप्पाच नसतो. जुने ड्राइव्ह एकेक करून बंद पडत आहेत. घरी लिहिलेल्या सीडीही कायमच्या नसतात. त्यांच्यावरचा मजकूर एका रंगाच्या थरात असतो. ऊन, उष्णता आणि ओल यांनी तो थर खराब होतो. खिडकीत सीडी ठेवू नये. कावळ्यांना भिववायला शेतात सीडी टांगतात. टांगण्याआधी तिच्यावर काय आहे, ते पाहावे.

तुमच्याही घरी ट्रंकेत एखादी सीडी असेल. कोणाच्या लग्नाची असेल, कोणाच्या कीर्तनाची असेल, कोणा गेलेल्या माणसाच्या आवाजाची असेल. ती वाचणारे यंत्र आज गावात आहे, तोवर तिची नक्कल उतरून घ्या.

लक्षात ठेवा

१. कप्पा अडला, तर उचकटू नका. आतली सीडी आधी वाचवा.
२. वीज बंद करा, मग लहान भोकात सरळ केलेली यू-पिन घाला.
३. सीडी मधून कडेकडे पुसा. गोल पुसू नका.
४. एका यंत्रात चालली नाही, तर दुसऱ्यात लावून पाहा.
५. नक्कल दोन जागी ठेवा. सीडी बाहेर काढून नक्कल ऐका.
६. तार कोणत्या जातीची आहे ते लिहून घ्या, मगच दुकानात जा.
७. जे घडले ते वहीत लिहा.

प्रश्न

१. सीडी गोल गोल का पुसू नये?
२. घर्र आवाज दोनदा आला. त्यावरून मुलीने काय ओळखले?
३. वाचनालयात शेवटची दोन गाणी लागली नाहीत, शाळेत लागली. असे का झाले?
४. काकूंच्या वहीचा दुकानात काय उपयोग झाला?
५. तुमच्या घरी किती सीडी आहेत? प्रत्येकीवर काय आहे, ते वहीत लिहून आणा.